वर्गणी मागण्याची रीत

रोकड न हलविता पैसा चालविण्याची कला व्यापारी समाजाला नवी नाही. हुंडीच्या काळात एका पेठेत लिहिलेला कागद दुसऱ्या पेठेत वटत असे. त्यातही शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत. रक्कम कोणाच्या हाती गेली हे पुढे शोधता यावे, हा त्यामागील हेतू. आज एखादी संस्था आपल्या संकेतस्थळावर वर्गणी स्वीकारू लागते, तेव्हा मधली कंपनी तिच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, कार्यकारिणीचा ठराव आणि बँक खात्याचा पुरावा मागते. प्रश्न जुनाच आहे : पैसे घेणारा कोण?

उदगीरमधील व्यापारी कुटुंबांच्या एका संस्थेने ही सोय करण्याचे ठरविले, त्याचे कारण साधे होते. सभासदांची पुढची पिढी लातूर, पुणे, हैदराबाद येथे स्थिरावली होती. पावतीपुस्तक घेऊन मोंढ्यात फिरणाऱ्या खजिनदारांना जुन्या आडत दुकानांवर आता मुलांचे फोन क्रमांकच तेवढे मिळत. सत्तरी ओलांडलेल्या या काकांच्या मदतीला शेजारच्या पेढीची, हिशेबशास्त्र शिकलेली सून आली.

काकांची पहिली शंका हिशेबाची होती. सभासदाने 1000 रुपये भरले, कंपनीने समजा दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी कापला, तर खात्यात 976.40 रुपयेच येणार.

“मग पावती कितीची फाडायची, सूनबाई?”

“हजाराचीच, काका. हजार वर्गणी खाती जमा, 23 रुपये 60 पैसे खर्च खाती नावे. आलेली रक्कमच जमा धरली, तर सभासदाची पावती आणि आपली वही कधीच जुळणार नाही.”

काकांना हे तत्काळ पटले. आडतीच्या पट्टीतही मालाची पूर्ण किंमत आधी आणि हमाली-तोलाई नंतर लिहिली जाते. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क शून्य असल्याने ते पर्याय सर्वांत वर ठेवण्यात आले. वर्गणी आणि देणगी यांची खातीही वेगळी केली गेली. पैसे कापले गेले पण पावती निघाली नाही, तर सभासदाने घाईने दुसऱ्यांदा भरू नये, अशी सूचनाही पानावर लिहिली गेली. यूपीआयने दुकानदाराला वा संस्थेला दिलेल्या अशा अडकलेल्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये पाच दिवसांची मुदत घातली आहे; त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते.

खरी अडचण पुढे होती. तयार सॉफ्टवेअरमध्ये अशी योजना होती, की मुदत टळताच ‘आपले सदस्यत्व संपुष्टात आले आहे’ असा निरोप आपोआप जावा आणि नाव यादीतून गळावे. काका तो मजकूर वाचून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काही दुकानांसमोर मी पावतीपुस्तक उघडतच नाही. तुरीत कोणी बुडालेला असतो, कोणाच्या घरी आजारपण असते. त्याचे नाव यादीत राहते, आमंत्रण जाते. त्याची वर्गणी दुसरा कोणी गुप्तपणे भरतो. हे या यंत्राला कोण सांगणार?”

सुनेचे उत्तर आदराचे होते, पण नमते नव्हते. “काका, हे तुम्हाला कळते, कारण तुम्ही मोंढ्यात चालत जाता. पुण्यात राहणाऱ्याची अडचण तुम्हाला कशी कळेल? आणि कोणाला सूट द्यायची हे एकाच माणसाच्या मनावर राहिले, तर तुमच्यानंतर काय?”

दोघांचेही म्हणणे खरे होते. जुन्या रीतीत करुणा होती, पण ती एका माणसाच्या स्मरणावर उभी होती. नव्या रीतीत समानता होती, पण तिला दार ओळखता येत नव्हते. कार्यकारिणीने अखेर दोन्ही रीतींना जागा दिली. मुदतीपूर्वी सर्वांना सारखेच, नम्र शब्दांत स्मरण जाते. मुदत टळल्यावर मात्र यंत्र कोणाचेही नाव काढत नाही. ती यादी तीन जणांसमोर येते आणि त्यांच्यापैकी एक जण फोन करतो. फोनवर प्रथम प्रकृती विचारली जाते, वर्गणीचा विषय नंतर निघतो. पैसे भरण्याच्या पानावर ‘आणखी एका कुटुंबाची वर्गणी’ असा रकाना आहे. त्यातील रक्कम अहवालात छापली जाते. कुटुंबाचे नाव कोठेही येत नाही.

आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीबाबतही, रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी खातेदाराला कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घेण्यापूर्वी विचारावे, हा शिष्टाचार त्या नियमातही आहे.

अशी सोय करू पाहणाऱ्या संस्थांनी शुल्काचे दर अवश्य ताडून पाहावेत. परंतु त्याआधी एका बैठकीत हे ठरवावे, की वर्गणी न आलेल्या सभासदाशी संस्था कोणत्या शब्दांत बोलेल. ते शब्द कोणतीही कंपनी लिहून देत नाही. उदगीरच्या संस्थेत ते काकांनी सांगितले आणि सुनेने लिहून घेतले.