बिरडं सोलतानाचा आवाज

सुधागड तालुक्यातल्या एका कौलारू घराच्या माजघरात आम्ही शूटिंग करत होतो. पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. सत्तरीच्या आजी, त्याच घरातल्या, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसलेल्या. प्रसंग एवढाच, की आजी बिरडं सोलतायत आणि मुंबईला निघालेल्या नातवाशी बोलतायत. मोड आलेला वाल चिमटीत धरून दाबला की दाणा सालातून सुळकन निसटतो आणि पातेल्यात पडतो. त्या निसटण्याचा एक बारीक ओला आवाज असतो आणि पडण्याचा वेगळा. आजींचं बोलणं त्याच लयीत चाललं होतं. एखादं साल अडलं की वाक्यही अडायचं, दाणा सुटला की पुढचा शब्द यायचा. ‘पोचलास की फोन कर’ एवढं म्हणायला त्यांनी पाच दाणे घेतले. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हटल्यावर कोणी हललं नाही.

तो टेक माझ्या हातून गेला. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरायला माणूस नव्हता, म्हणून मी आजींच्या पदराआड लेपल माइक लावून मोकळी झाले होते. साडी नवी, कडक खळीची. आजी वाकल्या की खळ करकरायची, आणि दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्या माइकपासून वीतभर अंतरावर वाजत होत्या. शब्द कळत होते. पण त्यांच्यावर जे पसरलं होतं, ते काढता येण्यासारखं नव्हतं.

दीड महिन्याने आजींना डबिंगसाठी मुंबईला आणलं. थंडगार, काळोखी खोली, समोर पडदा, कानाला हेडफोन. आजी उभ्या राहिल्या आणि पुस्तक वाचल्यासारखं बोलल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी मोड आलेले वाल आणि पातेलं घेऊन गेले, त्यांना सतरंजीवर बसवलं. जरा बरं झालं. पण पडद्यावरचे हात एका लयीत सोलत होते आणि आजींचे आताचे हात दुसऱ्या. थकून त्या म्हणाल्या, “बाय, तेव्हा समोर पोरगा व्हता गं.” शेवटी आम्ही इतर टेकमधून शब्द वेचून तो प्रसंग जोडला. सिनेमा पुढे महोत्सवांत गेला, लोकांना आवडला. मला तो प्रसंग आजही ऐकवत नाही.

मी लोकेशन साउंड रेकॉर्ड करते. कमी पैशांत, पाच-सात जणांच्या जिवावर सिनेमा करू पाहणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला अर्धा तास कॅमेऱ्याचा असतो. कुठला सेन्सर, कुठल्या लेन्स, किती के. आवाजाचं नाव शेवटी निघतं आणि त्याबरोबर ठरलेलं वाक्य येतं, ‘नाहीच जमलं तर डब करू.’ त्या वाक्यावर मला या अंकाच्या वाचकांशी बोलायचं आहे. वाचकांत अशी मुलं असतील, त्यांचे आईवडीलही असतील.

आपला बोलपट जन्मला तोच जागेवरच्या आवाजासकट. 1931 साली अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’ केला, तेव्हा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांशेजारी होता. गाड्यांचा खडखडाट थांबला की रात्री शूटिंग व्हायचं आणि माइक नटांच्या आसपास लपवलेले असायचे. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पार्श्वगायन तेव्हा यायचं होतं, त्यामुळे गोविंदराव टेंबे काय किंवा दुर्गा खोटे काय, बोलणं-गाणं सगळं माइकसमोर, त्याच क्षणी. डबिंगची सवय नंतर लागली. हलके पण खडखडणारे कॅमेरे घेऊन शूटिंग स्टुडिओबाहेर पडलं आणि जागेवरचा आवाज नुसता खुणेपुरता उरला. सेटवर त्याला आजही पायलट ट्रॅक म्हणतात. 2001 साली ‘लगान’ने भुजजवळच्या उघड्या माळावर, शेकडो माणसांत, जागेवरचाच आवाज वापरून दाखवला. आताचे कॅमेरे तर जवळजवळ मुके आहेत. त्यांचा पंखा तेवढा घुमतो, तोही बऱ्याच कॅमेऱ्यांत टेकपुरता मंद करता येतो. म्हणजे डबिंगचं मूळ कारण संपलं, सवय मात्र राहिली.

पैसे थोडे असतील तर ते कशावर घालावेत, याचं माझं उत्तर पक्कं आहे. कॅमेरा एक पायरी खालचा घ्या आणि बूम धरणारा अनुभवी माणूस पूर्ण शेड्यूलभर घ्या. माइक भाड्याने उत्तम मिळतो, पण तो योग्य जागी नेणारा हात भाड्याच्या पेटीत येत नाही. उघड्यावर माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत त्याहून वाईट होतं. तोंडातून थेट येणारा आवाज उतरतो, पण भिंतींवरून परतणारा जवळपास तेवढाच राहतो. माणूस समोर बसलेला असतो आणि बोलतो मात्र विहिरीतून, असं वाटायला लागतं. चांगला बूमवाला नटाच्या कपाळाच्या वर, फ्रेमच्या कडेला चिकटून, हातभर अंतरावर माइक धरतो आणि वाक्य कोणाकडे जाणार हे ओळखून अर्धा क्षण आधी तो वळवतो. त्याला संवाद पाठ असतात. कित्येकदा नटांपेक्षा जास्त.

दोन कॅमेऱ्यांचा मोह इथेच नडतो. वेळ वाचावा म्हणून एक कॅमेरा लांबून सगळी खोली घेतो आणि दुसरा त्याच वेळी चेहरा. लांबच्या फ्रेममध्ये बूम दिसू नये म्हणून तो छताला जातो. मग जवळच्या चेहऱ्यालाही लांबचा आवाज मिळतो. डोळे म्हणतात माणूस हाताच्या अंतरावर आहे, कान म्हणतात दारापलीकडे. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, तो एवढंच म्हणतो की मन लागलं नाही. दोन कॅमेरे लावायचेच असतील तर दोन्ही सारख्याच अंतराच्या फ्रेमवर लावा. माझं दिग्दर्शकांशी भांडण झालं तर याच एका गोष्टीवर होतं.

माइकबद्दलही एक गैरसमज फार घट्ट आहे. लांब नळीचा शॉटगन माइक म्हणजे आवाजाची दुर्बीण, असं समजून तो सगळीकडे नेतात. सेनहायझरचा 416 जवळपास प्रत्येक पेटीत असतो आणि मोकळ्या माळावर त्याने मला कितीदा तारलंय. त्या नळीला बाजूने खाचा असतात. कडेने आत शिरणारा आवाज त्या वेगवेगळ्या खाचांतून थोडा मागेपुढे पोचतो आणि आपसात कापला जातो. युक्ती नामी आहे, पण ती वरच्या पट्टीतल्या आवाजावर चालते, खालच्यावर फारशी नाही. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात, फरशी आणि टाइल्समध्ये, नटाचाच आवाज भिंतींवरून परतून कडेने आत येतो, अर्धामुर्धा कापला जातो, आणि बोलण्याला बोगद्यासारखा घुमारा चढतो. तिथे आखूड हायपरकार्डिऑइड माइक घ्यावा, खाली सतरंजी अंथरावी आणि फ्रेमबाहेरच्या भिंतींवर घरातल्या गोधड्या टांगाव्यात. आवाज शोषायला गोधडी छान कामाला येते, आणि ती जवळपास प्रत्येक घरात असते.

लेपलविषयी मी आता जरा हळवी आहे. नव्या साडीची खळ मी आदल्या दिवशी धुऊन काढायला लावते. माइक खांद्यावरच्या निऱ्यांत, दोन घड्यांच्या मध्ये, मऊ चिकटपट्टीने असा बसवते की कापड कापडावर घासणार नाही, दोन्ही घड्या माइकसकट एकत्र हलतील. मंगळसूत्र त्या बाजूला येत असेल तर ब्लाउजला आतून एक टाका घालून ते दुसरीकडे वळवते. बांगड्या काढायला मी सांगत नाही. गावातली सवाष्ण बाई बांगड्या काढून कॅमेऱ्यासमोर बसली की तिचे हात वेगळेच वागतात, हे मी पाहिलंय. दोन बांगड्यांच्या मध्ये केस बांधायचं बारीक रबर अडकवलं की किणकिण अर्ध्यावर येते आणि उरलेली हवीच असते. हे काम करताना मी बाई आहे याचा उपयोग होतो. पुरुष रेकॉर्डिस्टने पदराला हात लावायचा म्हटलं की ती बाई आक्रसते आणि पहिले दोन टेक त्या आक्रसण्यात जातात. निर्मात्यांनी युनिटमध्ये आवाजाच्या कामाला एक तरी मुलगी ठेवावी, असं मी आग्रहाने सांगते.

लोकेशन बघायला जाताना सगळे मोबाइलवर फोटो काढतात. मी एका कोपऱ्यात डोळे मिटून दहा मिनिटं बसते, आणि ज्या वेळी शूटिंग होणार त्याच वेळी पुन्हा येऊन बसते. सकाळी निवांत वाटणारं घर चारला शाळा सुटली की वेगळं असतं. पिठाची गिरणी कधी चालू होते, शेजारचा नळ कधी येतो, एसटी कुठे वळताना गिअर टाकते, मारुतीच्या देवळात आरती किती वाजता, हे मी वहीत लिहिते. त्या सुधागडच्या सिनेमानंतर पुढच्याच वर्षी त्याच भागात काम होतं. तेव्हा मी आधी वायरमनला गाठलं आणि विचारलं, लाइट कधी जाते? गावात वीज गेली की भातगिरणी थांबते, पंप थांबतात, पंखे, फ्रीज, टीव्ही सगळं थांबतं. आमची सामग्री बॅटरीवरची, उजेड खिडकीतला. आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी चार-पाच तास वीज बंद असायची. सिनेमातले तीन सगळ्यात हळुवार प्रसंग आम्ही त्याच तासांत केले.

वीज असेल तर फ्रीज बंद करावा लागतो. परत चालू करायचं विसरलं तर घरमालकिणीचं दूध नासतं आणि गावातली आपली पत जाते. म्हणून फ्रीज बंद केला की मी गाडीची किल्ली त्यात ठेवते. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. साउंडवाल्यांची ही जुनी रीत आहे आणि तिच्याइतकी खात्रीची दुसरी मला माहीत नाही.

प्रत्येक जागेचं शूटिंग संपलं की मी एक मिनिट मागते. सगळ्यांनी आहे तिथे उभं राहायचं, कोणी बोलायचं नाही, आणि मी त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करते. सेटवर याला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन संवादांच्या मधली भोकं याच शांततेने बुजतात, कारण एका खोलीची शांतता दुसऱ्या खोलीला लागत नाही. कौलारू घराची वेगळी, स्लॅबची वेगळी, पावसाळ्यातली वेगळी. दिवसभर दमलेलं युनिट त्या मिनिटावर चिडतं, असिस्टंट केबल गुंडाळायला लागतात. मी हात वर करून उभी राहते. हे मिनिट कॉलशीटवर छापून घ्या, म्हणजे ते दरवेळी मागावं लागणार नाही.

आवाजातून सिनेमा रचणं म्हणजे काय, हे विचारणाऱ्यांना मी ‘फँड्री’तली एक जागा पाहायला सांगते. जब्या या शाळकरी मुलाचं सगळं घर डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. नागराज मंजुळे यांनी ती जागा दिसण्यावर जेवढी उभी केली आहे तेवढीच ऐकू येण्यावर. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा मिनिट-मिनिट हलत नाही. न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात, कोणी खाकरतं, कागद उलटतात, आणि न्यायालयाचा तो सगळा कंटाळा आपल्या अंगावर येतो. या दोन्ही गोष्टी महागड्या यंत्राने झालेल्या नाहीत. दिग्दर्शकाने लिहितानाच त्या ऐकल्या होत्या, असं मला वाटतं.

नव्या यंत्रांना माझा विरोध नाही. बत्तीस बिट फ्लोटचे रेकॉर्डर आल्यापासून अचानक कोणी ओरडलं तरी रेकॉर्डिंग फाटत नाही, लहान युनिटला हे वरदान आहे. पण माइक लांब असेल तर ते लांबचाच आवाज तितक्याच इमानाने टिपतात. गोंगाट पुसणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र सावध करायला हवं. ते पंखा पुसतं, पण पंख्याबरोबर उच्चारांची कडही खरवडतं. मराठीत ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे आहेत, ‘जीव’ आणि ‘जगणं’ यांतले ज वेगळे आहेत, आणि हा फरक असतो तो आवाजाच्या वरच्या पट्टीतल्या बारीकशा घासण्यात. नेमकं तेच जातं. उरतो तो स्वच्छ, गुळगुळीत, कुठल्याच गावचा नसलेला आवाज. ज्या माणसांची बोली पडद्यावर यावी म्हणून आपण कर्ज काढून सिनेमा करतो, त्यांचीच बोली आपण असं धुऊन टाकतो. म्हणून मी पंखा आधी बंद करते.

दिवाळीच्या दिवसांत आमची कामं बंद असतात, फटाक्यांत संवाद होत नाहीत. मी गावी जाते, रेकॉर्डर बरोबर असतो. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब पेटवतात. त्यात ढलप्या टाकताना वर पत्र्याचा आवाज होतो, मग पाणी तापत जातं तसा बंब आतून गुणगुणायला लागतो. आई उटणं कालवते, ते वाटीला घासतं. काका खोकत अंगणात येतात. दूरवर कोणाच्या तरी घरी सनई लागते. नरकचतुर्दशीला पावणेपाच ते पाच-सव्वापाच, पहिला फटाका वाजेपर्यंत, एवढाच वेळ हे सगळं ऐकू येतं. गेल्या वर्षी माझा माइक ओसरीवर होता आणि बंबाची गुणगुण भिंतीआड गेली. या वर्षी तो न्हाणीघराच्या दाराशी, जमिनीपासून दोन फुटांवर लावणार आहे.