कवडी

कवडीचा सजीव सृष्टीशी काही संबंध असेल अशी शंकासुद्धा बाळपणी मला कधी आली नाही. ती आजीच्या सारीपाटाच्या थैलीत असे, पोळ्याला बैलांच्या गळपट्ट्यांवर असे, आणि नवरात्रात तुळजाभवानीच्या नावाने जोगवा मागत दारी येणाऱ्या आराधिणीच्या गळ्यात, एकीला एक खेटून ओवलेल्या माळेत असे.

पुढे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ हाती आली, आणि वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण व सोळा पणांचा एक द्रम्म, म्हणजे द्रम्माला १२८० कवड्या, हे कोष्टक मी पाठ केले. बंगालचा काहनही नेमका १२८० कवड्यांचाच, हे कळले तेव्हा या इवल्या चलनाचा विस्तार ध्यानात आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातही सिल्हेटचा महसूल कवड्यांतच वसूल होई, आणि रुपयाला ५१२० या दराने जमा झालेल्या त्या राशी नावांच्या ताफ्यातून ढाक्याला रवाना कराव्या लागत. युरोपीय कंपन्यांनी मात्र याच कवड्या गलबतांच्या तळाशी नीरम म्हणून भरून नेल्या, आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या देऊन माणसे खरेदी केली गेली. हे वाचल्यानंतर कवड्यांच्या राशीचे वर्णन निर्वेधपणे वाचणे मला कधीच जमले नाही.

या साऱ्या व्यवहाराचा उगम मालदीव बेटांत. १३४३-४४ च्या सुमारास तिथे काजी असलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले आहे, की समुद्रातून काढलेले हे प्राणी खड्ड्यात पुरून ठेवीत, मांस कुजून गेले की कवच तेवढे उरे, आणि ते बंगाल्यांना तांदळाच्या मोबदल्यात विकीत.

तो प्राणी मी जिवंत पाहिला तो उतारवयात, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर. ओहोटीच्या वेळी सोबतच्या कोळ्याने प्रवाळाचा एक धोंडा उलथला, तेव्हा त्याच्या तळाला चिकटलेले, अंगठ्याच्या पेराएवढे काहीतरी काळसर, बारीक रेघांचे दिसले. मी बोट लावताच तो मांसल पडदा दोन्ही बाजूंनी हळूहळू ओसरला आणि मधून ओली, पिवळसर, आरशासारखी पाठ प्रकट झाली. इतर शंखांवर शेवाळ धरते, पण हा जीव आपल्याच देहाने आपले घर पांघरून बसतो व त्यावर थरांमागून थर चढवीत राहतो, म्हणून कवडीची झिलई कोणा कारागिराची नसून त्याच्याच अंगस्पर्शाची असते. कोवळ्या वयात त्याचे कवच पातळ व रुंद तोंडाचे असते. प्रौढपणी त्याची कड आत वळते, दाते उमटतात, आणि मग त्याची लांबी वाढत नाही. आजीच्या पटावर उताणी पडणारी ती दातेरी फट म्हणजे त्याच्या वयात येण्याची खूण होती.

कवडीची मादी आपल्या अंड्यांवर बसून राहते, आणि उलथा राहिलेला धोंडा उन्हात तापून त्याखालचे सारे मरते. म्हणून तो होता तसाच पालथा घालायला मी कोळ्याला विनविले, आणि त्यानेही तो दोन्ही हातांनी, जपून, मूळच्या खोबणीत बसवला.