तिसरी पिन

जालना, मे महिन्यातला दुसरा शनिवार

चि. मनीषा हिला,


परवा फोनवर तू हसत हसत म्हणालीस, "मामा, बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून प्लगची वरची जाड पिन मीच कापून टाकली. तशी ती कशाला लागते?" मी "बरं" म्हणून फोन ठेवला. ठेवला नसता तर ओरडलो असतो आणि तू फोन अक्काकडं दिला असतास. म्हणून हे पत्र. रोलिंग मिलमध्ये ज्याची सगळी हयात वायरमनकीत गेली त्याच्या भाचीनं अर्थिंगची पिन कापावी, आणि तीही आप्पांच्या पक्कडीनं?

आधी लॅपटॉपचं सांगतो. पिन कापली म्हणून चार्जिंग बंद पडलं, असं मी म्हणणार नाही. खोटं सांगून धाक घालायची मला सवय नाही. चार्जिंगला फेज आणि न्यूट्रल पुरतात. "व्होल्टेज कमी असेल" हा तुझा अंदाजही सोड. अडॅप्टर उलटा करून बघ, बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं दिसेल. दुपारी सगळ्या आळीचे कूलर चालू होऊन डीपी रडकुंडीला आली, घरातला पंखा म्हशीसारखा हळू फिरायला लागला, तरी अडॅप्टरला त्याचं सोयरसुतक नसतं.

खरी खूण तू बोलता बोलता सांगून गेलीस. रात्री बारानंतर तो गुमान भरतो आणि दुपारी 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' म्हणून अडून बसतो. वायर तुटलेली असती, पिन ढिली असती, तर तिनं घड्याळ बघितलं असतं का? हे काम उन्हाचं आहे. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर गेली की भरू नये. आत तापमान बघणारा सेन्सर असतो, तो चार्जिंग तोडतो. बाहेर पारा बेचाळीसच्या घरात, डोक्यावर पत्रे, आणि बाईसाहेब लॅपटॉप ठेवतात गोधडीवर! खालची जाळी बुजली, पंख्याला हवा मिळेना, मग तो बिचारा करणार काय? दुपारी आजीच्या माळवदाच्या खोलीत जाऊन बस. पुण्याहून आल्यापासून ती खोली तुला जुनाट वाटते, पण आपल्या बापजाद्यांनी वर हातभर माती उगाच नाही घातली. खाली जेवायचा पाट घे. लॅपटॉप बंद कर, अडॅप्टर काढ, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धर, मग निवल्यावर लाव.

तरी नाहीच भरला तर वायरची मान बघ, म्हणजे अडॅप्टरमधून वायर निघते ती जागा आणि लॅपटॉपमध्ये घुसते ती जागा. तू वायर अडॅप्टरला दाव्यासारखी करकचून गुंडाळतेस, हे मी दिवाळीत बघितलंय. बोललो नाही. आणि कुणी म्हटलं म्हणून लगेच बॅटरी विकत घेऊ नकोस. आमच्या शेजारच्या पोराचा लॅपटॉप रोज ६० टक्क्यांवर थांबायचा. त्यानं नवी बॅटरी घातली, तीही ६० वरच थांबली. सेटिंगमध्ये बॅटरी जपायचा पर्याय चालू राहिला होता, बस. पैसे गेले.

आता मुंग्यांचं. "पत्र्याला मनगट लागलं की गंमतशीर मुंग्या येतात," असं तू म्हणालीस. गंमतशीर! अडॅप्टरच्या पोटात वीज गाळायला बारके कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपलेला करंट त्या तिसऱ्या पिनेनं जमिनीत जायचा असतो. वाट कापलीस, म्हणून तो लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन थांबला. २३० च्या निम्म्यापर्यंत व्होल्टेज तिथं येऊ शकतं. करंट अगदी किरकोळ, त्यानं माणूस मरत नाही. पण उद्या अडॅप्टरच आतून फुटला, तर तो किरकोळ राहणार नाही.

ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब का असते, कधी विचार केलास? सगळ्यांत आधी ती आत जावी आणि सगळ्यांत शेवटी बाहेर यावी म्हणून. घरातल्या थोरल्या बाईसारखं तिचं असतं. आधी उठायचं, शेवटी जेवायचं आणि कुणाच्या ध्यानात यायचं नाही. आपल्याकडं घर बांधताना लोक फरशीचा रंग महिनाभर निवडतात आणि अर्थिंग विचारलं की म्हणतात, "टाका एखादा खिळा." जालन्यातले बंगले बघितलेत मी, बाथरूमला गिझर, बोर्डावर तीन भोकं आणि तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नाही. नुसती शोभा.

आणि नुसती तार पुरून भागत नाही. मोसंबी जळाली त्या वर्षीचं, २०१२ चं आठव. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मी तुमच्या गोठ्यातली अर्थिंग बघायला फेज आणि अर्थिंगमध्ये शंभराचा बल्ब लावला होता. नीट अर्थिंगवर तो लख्ख पेटतो. तो नुसता लाल तार दाखवत बसला, विझत्या निखाऱ्यासारखा. जमिनीतच ओल नाही तर करंट जाणार कुठं? खड्ड्यात चार घागरी पाणी ओतलं तेव्हा बल्ब हळूहळू उजळला. तू तेव्हा बारकी होतीस, टाळ्या वाजवल्या होत्यास. आप्पा म्हणाले होते, "माणसाला प्यायला नाही अन् तुम्ही विजेला पाजताय."

विहिरीवरच्या पेटीलाही तार होती, मनीषा. हिरवी, नवीकोरी. मी नंतर जाऊन ती हातानं ओढली, तर वीतभर मातीतून सरळ बाहेर आली. खाली काहीच नव्हतं. ज्यानं ती लावली त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण आता काय. अक्का अजून पेटीकडं पाठ करून बसते, ते तू रोज बघतेस. आणि तरी विचारतेस, कशाला लागते?

हे लिहायचं नव्हतं. असू दे.

एक काम आजच कर. लॅपटॉप सपाट फरशीवर ठेव आणि कोपरे दाबून बघ. डुगडुगला, किंवा बोट फिरवायची पट्टी वर उचललेली दिसली, तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंगला लावायचा नाही, टोचायचा नाही, उघडायचा नाही, उशाशी घेऊन झोपायचं तर मुळीच नाही. रात्री भरायला लावून तू त्याच्याशेजारीच झोपतेस, नाही का? अक्का म्हणाली मला. आजपासून त्याला फरशीवर ठेव, गोधडी-कापडापासून लांब, आणि झोपताना बटण बंद कर. नोकरीचं काय ते साहेबाला माझं नाव सांग.

सोमवारी सकाळच्या अंबडच्या एसटीनं येतो. नवी वायर आणि अडीच मीटरचा जीआय पाइप माझ्याकडं आहे, कंडक्टर कुरकुर करील, करू दे. मोरीमागं, जिथं सांडपाण्यानं कायम ओल असते, तिथं खड्डा घ्यायला गडी सांगून ठेव. एक पोतं कोळसा आणि मीठ लागेल. मीठ खड्याचं आणा, पिशवीतलं बारीक नको. तोवर त्या बोर्डाला ओला हात लावायचा नाही. कोरडाही नकोच.

अक्काला नमस्कार सांग. तिला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. पक्कडीच्या मुठीवरचं रबर चिरलंय का बघ. चिरलं असलं तर मी नवीन चढवून देईन. ती फेकायची नाही.