प्रारंभ कोठून करावा?

वयाची पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवा छंद जडवून घेऊं नये, असें आमच्या घरांतील मत आहे. घरांतील मत म्हणजे अर्थातच आमच्या सौभाग्यवतींचें मत. त्यामुळें आमच्या लिहिण्याच्या टेबलावर, मिल्टन आणि वर्ड्‌स्वर्थ यांच्यामधल्या मोकळ्या जागेंत, निळें चिलखत ल्यालेला दीडएक इंच उंचीचा जो शिपाई उभा आहे, त्याचा खुलासा आम्हांस येणाऱ्याजाणाऱ्यांपाशीं वरचेवर करावा लागतो. तो आज येथें एकदांच सविस्तर करून ठेवावा म्हणतों.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही इंग्लंडमध्यें नॉटिंगहॅम येथें धाकट्या बंधूंकडे दीड महिना राहिलों. नॉटिंगहॅमचें नांव निघालें म्हणजे इंग्रजीच्या मास्तराला रॉबिन हूड आठवावा, किंवा जवळच्याच ईस्टवुड गांवीं जन्मलेला कादंबरीकार लॉरेन्स आठवावा, हें रीतीला धरूनच आहे. परंतु बंधूंच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांच्या लेखीं या शहराचें माहात्म्य निराळें. 'वॉरहॅमर ४०,०००' नांवाचा युद्धाचा जो खेळ देशोदेशीं खेळला जातो, तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचें मुख्य ठाणें याच शहरांत आहे. तेथें दाराबाहेर चिलखती योद्ध्याचा भला थोरला पुतळा असून आंत प्रदर्शन आणि खेळण्याचीं टेबलें आहेत. पंढरीस जाऊन विठोबा न पाहतां परतणें आणि नॉटिंगहॅमला येऊन हें स्थान न पाहणें सारखेंच, असा आमच्या पुतण्याच्या बोलण्याचा पहिल्या दिवशींच आम्हीं मथितार्थ काढला.

खेळ म्हणजे पट आणि सोंगट्या, एवढीच आमची कल्पना. येथें पट नाहीं. एक मोठें टेबल, त्यावर पडक्या इमारती व टेकाडें, आणि दोन बाजूंना खेळणाऱ्यांनीं स्वतः जोडलेलीं व स्वतः रंगविलेलीं सैन्यें. अंतर पट्टीनें मोजावयाचें आणि नशीब फांशांनीं ठरवावयाचें. रिक प्रीस्टली या गृहस्थांनीं या खेळाचें पहिलें पुस्तक लिहिलें तें १९८७ सालीं. नियमांची दहावी आवृत्ति निघाली ती २०२३ सालीं. कोणत्याही गोष्टीचा इंग्रजी वाङ्मयाशीं संबंध जोडल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाहीं. तो येथेंही सांपडला. एच्. जी. वेल्स यानें १९१३ सालीं 'लिट्ल वॉर्स' नांवाचें एक पुस्तक लिहून, खेळण्यांतल्या शिपायांची लढाई घराच्या जमिनीवर कशी लढावी याचे नियम घालून दिले होते. खऱ्या युद्धापेक्षां हें लुटुपुटीचें युद्ध शतपटीनें बरें, असें त्याचें कळकळीचें सांगणें होतें. पुढल्याच वर्षीं खरें महायुद्ध पेटलें. असो.

हें सारें आम्हीं पुतण्यास ऐकविलें व म्हटलें, "आतां तुझ्या खेळाची हकीकत पहिल्यापासून सांग." त्यानें विचारलें, "पहिल्यापासून म्हणजे कुठून, काका?" प्रश्न रास्त होता. कथेचा काळ चाळीस हजार वर्षांपुढचा. मानवांचें साम्राज्य सुमारें दहा लाख जगांवर पसरलेलें. त्याचा सम्राट दहा हजार वर्षें एका सोन्याच्या सिंहासनावर जिवंतही नाहीं आणि मेलेलाही नाहीं अशा स्थितींत बसलेला. त्याच्यासाठीं रोज हजार जीवांची आहुति पडते. त्याच्या वीस पुत्रांपैकीं दोघांचीं नांवें दप्तरांतून पुसून टाकलेलीं. उरलेल्या अठरांपैकीं नऊ फितूर झाले, आणि त्यांचा म्होरक्या होरस हा बापाचा सर्वांत लाडका. साम्राज्याच्या भोंवतीं शत्रूंची दाटी. कोणी साठ लाख नव्हे, सहा कोटि वर्षें झोंपून उठलेले धातूचे सांगाडे; कोणी आकाशगंगेच्या बाहेरून आलेली, जें दिसेल तें गिळणारी झुंड; तर कोणी बुरशीसारखे उगवणारे हिरवे दांडगे, ज्यांची अशी श्रद्धा कीं गाडीला तांबडा रंग दिला म्हणजे ती अधिक वेगानें धांवते! एकट्या होरसच्या बंडावर २००६ पासून २०२४ पर्यंत साठांहून अधिक पुस्तकें निघालीं.

आम्हीं एक वही घेतली. सनावळी आंखली, वंशावळी काढल्या, आणि रोज सकाळीं न्याहारीनंतर पुतण्यास समोर बसवून प्रश्न विचारूं लागलों. हा सेनापति त्या लढाईच्या आधींचा कीं नंतरचा? हें नांव लॅटिन, मग तें ग्रीक कां? परवांच्या सांगण्याशीं हें जुळत नाहीं, तें कसें? चार दिवसांत वहीचीं बावीस पानें भरलीं. पहिल्या दिवशीं मुलगा हातवारे करून बोलत होता. चौथ्या दिवशीं तो 'हो' आणि 'नाहीं' यांवर आला. पांचव्या दिवशीं, "काका, आज मला शाळेचा अभ्यास आहे," असें म्हणून तो जिना चढून गेला आणि त्यानें खोलीचें दार लावून घेतलें. त्या आठवड्यांत त्याच्या शाळेला सुटी होती, हें आम्हांस ठाऊक होतें. आमची भावजय स्वयंपाकघरांतून हळूच म्हणाली, "भाऊजी, त्याची तोंडी परीक्षा नका हो घेऊं. खेळायला कुणी मिळेल म्हणून तो तुमची वाट बघत होता."

त्या रात्रीं आम्हांस लवकर झोंप लागली नाहीं. अठरा-वीस वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आठवला. खेड्यांतून आलेला, बुजरा, मागच्या बांकावर बसणारा. एके दिवशीं तास संपल्यावर तो आमच्यापाशीं येऊन म्हणाला, "सर, इंग्रजी वाङ्मय वाचावें असें मनांत आहे. प्रारंभ कोठून करूं?" आम्हांस आनंद झाला. त्या आनंदाच्या भरांत आम्हीं रात्रीं बसून चॉसरपासून पुढें, क्रमवार, चाळीस पुस्तकांची यादी केली व दुसऱ्या दिवशीं ती त्याच्या हातीं ठेवली. त्यानें ती नीट घडी करून खिशांत ठेवली, नमस्कार केला आणि तो गेला. पुन्हा तो कांहीं विचारावयास आला नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं तो एका बँकेंत, कांचेपलीकडे, नोटा मोजतांना दिसला. ओळख पटतांच तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ती यादी अजून जपून ठेवली आहे." त्यांतलें वाचून काय झालें, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

यादी चुकीची नव्हती. आजही तींतलें एक नांव आम्ही गाळणार नाहीं. परंतु दाराशीं आलेल्या माणसाला आंत घेण्याऐवजीं आम्हीं वाड्याचा नकाशा त्याच्या हातीं दिला होता.

आम्ही स्वतः मात्र कोणत्याही वाड्यांत नकाशा घेऊन शिरलों नव्हतों. लहानपणीं दिवाळीच्या सुटींत आम्ही दोघे भाऊ अंगणांत किल्ला करीत असूं. दगडविटांवर गोणपाट, त्यावर चिखल, चिखलांत पेरलेले अळीव. बाजारांतून आणलेले मातीचे मावळे वाटेवर उभे करावयाचे आणि शिवाजीमहाराजांना सर्वांत वर सिंहासनावर बसवावयाचें. महाराज दरवाजाहून उंच असत, आणि पायथ्याशीं वाघाच्या शेजारीं मोटार उभी असे. त्याचें कोणाला कांहीं वाटत नसे. किल्ला करण्यापूर्वीं सभासदाची बखर वाचून या, असें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर ना किल्ला झाला असता, ना आम्हीं पुढें मोठेपणीं ती बखर उघडली असती. मातीच्या मावळ्याच्या बोटाला धरूनच आम्ही इतिहासांत शिरलों.

सकाळीं उठल्यावर आम्हीं वही ट्रंकेंत टाकली आणि पुतण्याच्या दारावर टिचकी मारून विचारलें, "तूं रंगवलेला पहिला शिपाई कोणता रे?" तो थोडा घुटमळला, मग कपाटाच्या तळाशीं असलेल्या डब्यांतून त्यानें एक शिपाई काढला. नवव्या वर्षीं रंगविलेला. रंगाचे थर इतके जाड कीं नाकडोळे बुजून गेले होते. "फार वाईट आहे," तो म्हणाला. परंतु त्यानें तो टाकून दिला नव्हता. आम्हीं म्हटलें, "मलाही एक दे."

मग उलटा क्रम सुरू झाला. तो गुरु आणि आम्ही शिष्य. चौकटीला चिकटलेले भाग पकडीनें कापावे, कंगोरे घासावे, मग जोडावे. आधीं अस्तराचा एक हात. त्यावर रंग पाण्यानें पातळ करून दोन हात; एकच जाड हात देणें हें नवशिक्याचें लक्षण. नंतर काळसर पातळ रंग ओघळवला कीं तो खांचाखोंचांत उतरून सावली पाडतो. आणि शेवटीं जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवला कीं कडा उजळतात. आमचा हात कांपत होता, चष्मा घसरत होता. "काका, श्वास सोडून मग कुंचला टेकवा," असें त्यानें सांगितलें, आणि ती सूचना अचूक निघाली. दोन सकाळींत एक शिपाई झाला. त्या दोन सकाळींत, आम्हीं एकही प्रश्न न विचारतां, बावीस पानांहून अधिक हकीकत आम्हांस कळली.

तिसऱ्या दिवशीं लढाई. मोठी नव्हे, दोन्हीकडे मोजकींच माणसें. नियम थोडक्यांत असे कीं, गोळी लागली का यासाठीं एक फांसा, लागून जखम झाली का यासाठीं दुसरा, आणि चिलखतानें ती अडविली का यासाठीं प्रतिपक्षाचा तिसरा. समजा, लागावयास तीन किंवा अधिक, जखमेस चार किंवा अधिक, आणि वांचावयास तीन किंवा अधिक दान पाहिजे. तर नऊ गोळ्यांत सरासरीनें एकच शत्रूस पाडते. हा हिशेब आम्हीं मनांत केला, बोलून दाखविला नाहीं. आम्ही सपशेल हरलों. आमचा निळा शिपाई दुसऱ्याच फेरींत पडला, तेव्हां, खरें सांगावयाचें तर, काळजांत किंचित् धस्स झालें.

पटावरचे तुकडे आवरतांना आम्हीं एक प्रश्न मात्र विचारला: "यांत चांगला पक्ष कोणता?" तो म्हणाला, "कुणीच नाहीं, काका. सगळे वाईटच." मग त्यानें सम्राटाची एक गोष्ट सांगितली. 'मला देव म्हणूं नका' असें त्यानें जन्मभर बजावलें, देवळें पाडलीं. आणि आतां त्याच्याच नांवानें देवळें उभीं आहेत, त्याला देव न मानणाऱ्यास जाळतात. हें सांगतांना तो हंसत होता, पण त्यांतली मेख त्याला पुरती कळली होती. असें साम्राज्य असावें असें आम्हांस वाटत नाहीं, तें उपहासासाठीं आहे, असा खुलासा कंपनीनेंही २०२१ सालीं जाहीरपणें केला होता. मुलांच्या हातीं युद्धाचें खेळणें द्यावें कीं नाहीं, याचा विचार आम्ही अजून करतों. परंतु या मुलानें त्यांतून जयघोष उचलला नव्हता, संशय उचलला होता, एवढें आम्हीं पाहिलें.

होरसच्या बंडावरून आमच्या तोंडून मिल्टनचें नांव गेलें. ईश्वराविरुद्ध उठलेल्या देवदूताची कथा १६६७ सालींच छापली गेली आहे, हें ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. "तें पुस्तक कुठून सुरू करूं, काका?" आधीं बायबल, मग व्हर्जिल, असें उत्तर अगदीं ओठांवर आलें होतें. तें आम्हीं गिळलें आणि पराभूत सैतान आगीच्या सरोवरांत जागा होतो तेथल्या थोड्या ओळी मोठ्यानें वाचून दाखविल्या. तो म्हणाला, "अजून थोडं वाचा."

म्हणून या अफाट विश्वांत कोणास शिरावयाचें असेल, तर आमचा अनुभव एवढाच. जें सैन्य डोळ्यांस भावेल त्याची एकच लहान पेटी घ्यावी. कोणतें सैन्य बलवान् हें विचारूं नये, कारण नियम बदलत राहतात. एक शिपाई रंगवावा. लहानशी लढाई हरावी. वाचावेंसें वाटलें तर डॅन ॲब्नेट यांची 'झीनॉस' ही २००१ सालची एकच कादंबरी घ्यावी. ती सम्राटांची नसून एका तपास-अधिकाऱ्याची आहे, आणि त्याच्याबरोबर रस्त्यांतून हिंडतांना तें जग आपोआप कळत जातें. साठ खंड कोठें जात नाहींत.

परत आल्यापासून आम्ही विद्यार्थ्यांना याद्या देत नाहीं. कोणी विचारावयास आला कीं नजर आधीं त्या शिपायाकडे जाते. मग कपाटांतून एकच पुस्तक काढून, त्यांतलें एकच पान उघडून त्याच्यापुढें ठेवतों. मध्यंतरीं त्या बँकेंतही जाऊन आलों. तो विद्यार्थी बदलून दुसऱ्या गांवीं गेल्याचें कळलें. त्याच्यासाठीं नेलेलें पातळसें पुस्तक अजून आमच्या पिशवींतच आहे.