उगाच फेल केलेली बॅच

रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत एका छोट्या रसायन कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलला होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडे टेबलावर मावणारा 60 मेगाहर्ट्‌झचा एनएमआर होता. नळीत नमुना घ्यायचा, त्यातच मोजून प्रमाणद्रव्य टाकायचं आणि दोघांच्या पीकचं क्षेत्रफळ ताडून शुद्धता काढायची. पद्धत मीच बसवलेली. त्यामुळे तिच्याबद्दल कुणी शंका काढली की मला राग यायचा.

एकदा वाटलं, काम आणखी चोख करू. नमुन्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून विरघळलेली हवा घालवली. शुद्धता एकदम खाली आली. पुन्हा केलं, पुन्हा तोच आकडा. आकडे एकमेकांशी जुळले यातच मी खूश! बॅच फेल केली आणि प्लांटवाल्यांनी ती परत डिस्टिलेशनला चढवली.

खरं तर ऑक्सिजनच्या रेणूत दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात, हे मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. म्हणजे नळीतली हवा हाच विरघळलेला फ्री रॅडिकल. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे 658 पट, आणि रिलॅक्सेशनच्या, म्हणजे प्रोटॉन सावरण्याच्या, वेगात ते वर्गाने येतं, म्हणजे चार लाखांच्याही वर. असा रॅडिकल द्रवात हिंडताना प्रोटॉनच्या जवळून गेला की तिथलं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने हलतं, आणि पल्सने विचलित केलेले प्रोटॉन लवकर मूळ स्थितीला येतात. रॅडिकल जितके जास्त, तितका हा वेग जास्त. पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो म्हणून तिथे फारसं जाणवत नाही. पण हवा पूर्ण काढलेल्या बेंझिनचा टी-वन, म्हणजे सावरण्याचा काळ, 19 सेकंदांच्या आसपास असतो आणि हवेसकट तो थोड्याच सेकंदांवर येतो.

माझ्या पद्धतीत दोन पल्समध्ये 20 सेकंद थांबायचं ठरलं होतं. टी-वन 4 सेकंद असेल तर तेवढ्यात 99 टक्क्यांवर चुंबकत्व परत येतं. तोच 12 झाला, तर 81 टक्केच. आमच्या मालातले बेंझिन-वलयावरचे प्रोटॉन शेजाऱ्यांपासून लांब, आपले आपण सावकाश सावरणारे. त्यांना ऑक्सिजनचाच आधार होता. प्रमाणद्रव्याच्या प्रोटॉनचं मात्र ऑक्सिजनवाचून फारसं अडत नव्हतं. म्हणून हवा काढल्यावर मालाचंच पीक खुजं झालं. दोष मालात नव्हता, थांबण्यात होता. टी-वन मोजायला अर्धा तास लागला असता. तो मी वाचवला.

हे कळल्यावर शहाणपण यावं की नाही? मला वाटलं, रॅडिकलनेच काम होत असेल तर तोच टाकू, थांबायलाही कमी लागेल. कल्पना काही नवी नव्हती. 1946 मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉक आणि मंडळींनी पाण्याचे प्रोटॉन लवकर सावरावेत म्हणून त्यात मुद्दाम फेरिक नायट्रेट घातलं होतं. आमच्या कपाटात हायड्रॉक्सी-टेम्पो होता, नारिंगी खड्यांचा. मोनोमर साठवणीत घट्ट होऊ नये म्हणून घालतात तो. त्याचा एखादा मिलिग्रॅम पुरला असता. मी स्पॅच्युलाच्या टोकावर आला तेवढा ढकलला. पीक इतके पसरले की शेजारचे दोन एकच झाले. रॅडिकल टी-टूही, म्हणजे पीकची रुंदी ठरवणारा काळही, आखडतो, आणि तो आखडला की रेषा रुंदावते, हे मी सोयीस्करपणे विसरले होते. वर तासभर मॅग्नेटचं शिमिंग करत, म्हणजे क्षेत्र एकसारखं करत बसले, कारण दोष यंत्राचा असणंच मला परवडणारं होतं. शेवटी नळीत थोडं व्हिटॅमिन सी टाकलं. नारिंगी रंग उतरत गेला, एकटा इलेक्ट्रॉन जोडीला लागला आणि दोन्ही पीक वेगळे दिसू लागले.

संध्याकाळच्या दिवा गाडीत नागोठण्यापासून पेणपर्यंत रिपोर्ट कसा दुरुस्त करायचा हेच घोळवत होते. कागदावर ‘पद्धतीत सुधारणा’ असं गुळगुळीत लिहून भागलं असतं, आणि पहिला मसुदा मी तसाच लिहिलाही. तो फाडला, चांगुलपणा म्हणून नव्हे, प्लांटवर नाहीतरी कळणारच होतं म्हणून.

डिस्टिलेशनवरच्या काकांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी टी-वन वगैरे शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मॅडम, माल पहिल्यापासून चांगलाच होता?”

“हो.”

“मग रात्रभर जाळलेल्या वाफेचा हिशोब कुणाच्या नावावर लिहू?”

“क्यूसीच्या लिहा,” म्हटलं. त्यांनी खिशातलं पेन काढून तिथेच लिहिलं.