कल्हईचे पातेले

धाराशिवच्या एका व्यापारी घरात सुनेने आजेसासूंचे पितळी पातेले मोडीत द्यायचे ठरविले. कारण रास्त होते. कल्हई उडाली होती, चिंचेची आमटी कळकली होती. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आधी कल्हई लावून पाहा."

कल्हईवाल्याने पातेले तापवून नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्याने कथील फिरविले. आतून ते चांदीसारखे उजळले. रिकामे पातेले आचेवर ठेवू नका, असे त्याने बजावले. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळते.

त्या संध्याकाळी जाड बुडाला वरण लागले नाही. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे उरकली. नॉनस्टिकचा थर गेला की भांडेच टाकावे लागते. पितळेला कल्हई पुन्हा देता येते. दुकानातला हिशेब सुनेला स्वयंपाकघरात उमगला.

पुढे कुंथलगिरीच्या यात्रेला तेच पातेले सोबत गेले. घासून लख्ख झालेल्या काठावर आजेसासूंचे नाव स्पष्ट दिसत होते.