पुंगळीच्या बुडाचे एक छिद्र

१८५७ चा विषय निघाला की काडतूस आठवते, आणि काडतुसाबरोबर चरबी. त्या वादाच्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र नजरेआड होते, ती म्हणजे ते काडतूस कागदाचे होते. मोजून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी कागदाच्या सुरळीत बांधलेली असे. शिपायाने सुरळीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी गजाने ठासायची. कोकणात जिला आजही ठासणीची बंदूक म्हणतात, तिच्या कुळातलेच हे शस्त्र. ते बाळगणारा प्रत्येक जण दर बाराला आपली दारू स्वतः भरी. दुसरा इलाजच नसे, त्यामुळे त्याला छंद म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत धातूचे काडतूस रूढ झाले आणि हे काम शिपायाच्या व शिकाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले. गोळी, दारू आणि ठिणगी पाडणारी टोपी, तिन्ही एका पितळी पुंगळीत बंद झाली. सोय एवढी मोठी होती की जुनी सवय कायमची सुटायला हवी होती. ती सुटली नाही. झडलेली पुंगळी उचलून आणून घरच्या टेबलावर पुन्हा भरणाऱ्यांची एक परंपरा तयार झाली, आणि ती सर्वांत घट्ट रुजली अमेरिकेत. तिथे तिला रीलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात. ती तिथेच का रुजली, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुंगळीच्या बुडाशी असलेल्या एका छिद्रात सापडते.

बार उडतो तेव्हा दारू जळून जाते, गोळी निघून जाते आणि बुडाशी बसवलेली टोपी, म्हणजे प्रायमर, निकामी होते. उरते ती पुंगळी. वायूच्या दाबाने ती फुगून रायफलच्या कोठीच्या भिंतींना चिकटते आणि दाब ओसरताच किंचित आक्रसते. काडतुसातला सर्वांत महागडा भाग हाच, आणि तोच जवळजवळ शाबूत राहतो. काटकसरी माणसाला तो फेकवत नाही. तो पुन्हा वापरायचा तर पहिले काम एकच, मेलेला प्रायमर बाहेर काढणे.

या प्रायमरच्या दोन रचना १८६६ या एकाच वर्षी, अटलांटिकच्या दोन काठांवर पुढे आल्या. एक वूलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक कर्नल एडवर्ड बॉक्सर यांची, तर दुसरी अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणी उभारणाऱ्या हायरम बर्डन यांची. रायफलचा खटका टोपीवर आपटतो तेव्हा आतले स्फोटक कशावर तरी चिरडले जावे लागते. त्या टोकाला ऐरण म्हणतात. बर्डन यांनी ही ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली आणि तिच्या दोन बाजूंना ज्वाळेसाठी दोन बारीक छिद्रे ठेवली. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीचाच भाग असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते.

कारखान्यापुरते पाहिले तर दोन्ही रचना कामाच्या. बर्डनची टोपी उलट अधिक साधी. फरक पडतो तो झडलेली पुंगळी हाती आल्यावर. बॉक्सरच्या पुंगळीत तोंडातून एक सरळ सुई घालून दाबली की ती मधल्या छिद्रातून जाऊन मेलेली टोपी खाली पाडते. बर्डनच्या पुंगळीत सुईच्या वाटेत ऐरणच उभी. टोपी बाहेरून आकड्याने उचकटावी लागते, किंवा पुंगळीत पाणी भरून त्याच्या दाबाने ढकलावी लागते. एखाद्या पुंगळीपुरते हे जमते. शंभर पुंगळ्यांसमोर बसलेला हौशी माणूस मात्र तासाभरात हा नाद सोडून देतो.

गंमत अशी की अमेरिकेने पुढे इंग्रज कर्नलची रचना आपलीशी केली, आणि युरोपातल्या बहुतेक सैन्यांनी अमेरिकन बर्डनची. ज्या ब्रिटनमध्ये बॉक्सरची पद्धत जन्मली, त्याच्या सैन्याची ३०३ काडतुसेही मुख्यतः बर्डन पद्धतीची निघाली. अमेरिकन कारखान्यांनी आपल्याच माणसाची कल्पना उचलली असती, तर आज रीलोडिंग हा मूठभर हट्टी लोकांचा उद्योग राहिला असता.

पोटासाठी हे काम करणाऱ्याला अर्थात छिद्रांची पर्वा नव्हती. १८७० च्या दशकात अमेरिकेत दोन्ही रचना सरमिसळ चालत होत्या आणि मैदानी प्रदेशात रानगव्यांची, म्हणजे बायसनची, कातड्यांसाठी कत्तल चालली होती. रेल्वेपासून दूर तळ ठोकलेल्या शिकाऱ्याला तयार काडतुसे महाग पडत. तो दारूची पिंपे आणि शिशाच्या कांबी गाडीतून नेई, विस्तवावर शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओती आणि दिवसभरात झडलेल्या पुंगळ्या रात्री पुन्हा भरी. शार्प्स रायफल हे या धंद्याचे आवडते हत्यार. लाखोंच्या संख्येने असलेला हा प्राणी १८८० चे दशक संपताना रानात काही शेकड्यांवर आला होता, आणि त्याच्यावर जगणाऱ्या मूलनिवासी जमातींची उपासमार झाली. छंदाच्या वंशावळीत हा शिकारी मूळपुरुष म्हणून मिरवतो. त्याच्या भरलेल्या पुंगळ्यांनी काय रिकामे केले, ते त्या वंशावळीत क्वचितच लिहिलेले असते.

याच सुमारास हे काम घरात शिरू लागले. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेटिकटमधील न्यू हेवन येथे आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. पकडीसारखे दिसणारे तिचे हत्यार खिशात मावे. अमेरिकी सैन्यही सरावाची काडतुसे तळावरच पुन्हा भरून पैसे वाचवत होते.

पण त्याच १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली, आणि या कामाचे स्वरूपच बदलले. काळी दारू पुंगळीत जवळजवळ काठोकाठ भरावी लागे. जास्त घालू म्हटले तरी जागा नसे. मापाची पळी थोडी इकडेतिकडे झाली तरी सहसा निभावून जाई. नवी दारू कितीतरी जोरकस आणि म्हणून कमी लागणारी. काही पुंगळ्यांत तर चुकून दोन मापे पडली तरी वरून कळू नये, इतकी जागा उरे. शिवाय दोन वेगवेगळ्या दारू दिसायला सारख्या, पण जळायचा वेग निराळा. जुन्या सवयीने पळी चालवणाऱ्यांच्या बंदुका फुटू लागल्या. पळीच्या जागी तराजू आला आणि हाताच्या अंदाजाच्या जागी छापील कोष्टक.

पितळानेही नवा हट्ट धरला. त्या काळच्या प्रायमरमध्ये पाऱ्याचे संयुग असे. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत पारा बराचसा अडकून राही. नव्या दारूची काजळी नगण्य, त्यामुळे तो थेट पितळात मुरे आणि पुंगळी आतून ठिसूळ करी. वरून धडधाकट दिसणारी पुंगळी पुढच्या बाराला तडकायची. कारखान्यांनी यथावकाश पारा काढून टाकला.

१९३७ मध्ये फिलिप शार्प यांचा हँडलोडिंगवरचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोवर या विद्येला शिस्त आली होती. तिला गर्दी मिळवून दिली ती दुसऱ्या महायुद्धाने, आणि तीही टंचाईतून. गोळ्यांवर चढवायचे तांब्याचे आवरण युद्धकाळात मिळेना. कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, २२ बोअरच्या फेकलेल्या पुंगळ्या दाबून त्यांचीच आवरणे बनवायचे यंत्र तयार केले. या गोळ्या रॉकचक नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी होत्या; त्यांची कंपनी आरसीबीएस हे नाव त्याच प्राण्यावरून लावते. आयडाहोत व्हर्नन स्पीअर हेच करत होते, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या जॉइस हॉर्नाडी यांनी १९४९ मध्ये नेब्रास्कात स्वतःचा कारखाना काढला. (जॉइस हे पुरुष होते, नावावरून अनेकांची फसगत होते.)

युद्ध संपले तेव्हा सरकारकडे दारूचे डोंगर शिल्लक होते. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढून त्यातली काही दारू घेतली, मालगाडीच्या एका जुन्या डब्यात साठवली आणि हौशी लोकांना स्वस्तात विकली. युद्धावरून परतलेल्या, रायफल हाताळलेल्या आणि खिशात फारसे पैसे नसलेल्या पिढीला याहून काय हवे होते?

नवशिक्याचा आरंभ आजही त्याच चौकटीत होतो. एक लीवरची प्रेस, रायफलच्या मापाचा साचा, तराजू, व्हर्निअर आणि दारू बनवणाऱ्याने छापलेले ताजे कोष्टक. रिचर्ड ली यांनी १९५८ पासून विकलेली साधने तर हातोडीने ठोकून चालवायची होती. ती आधी छऱ्याच्या बंदुकीसाठी आली, मग रायफलसाठी. जुने जाणते लोक जे नियम सांगतात, ते सगळे वर सांगितलेल्या इतिहासाचे व्रण आहेत. टेबलावर एका वेळी एकच दारू ठेवावी. कोष्टकातल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करावी. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावावे. बुडाजवळ चकचकीत कडे दिसले, तर ती पुंगळी सरळ भंगारात टाकावी.

या टेबलांवरून कारखान्यांनीही उचल केली आहे. २२-२५० हे काडतूस कित्येक वर्षे हौशी लोकच दुसऱ्या पुंगळीची मान दाबून बनवत होते; रेमिंग्टनने ते १९६५ मध्ये आपल्या यादीत घेतले.

भारतात हा छंद दिसत नाही, त्याचे कारण सरळ आहे. १८७८ च्या वसाहती कायद्याची जागा घेणाऱ्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याविना त्याची निर्मिती हा गुन्हा आहे. जे अमेरिकेत रविवारच्या दुपारचे काम आहे, ते इथे थेट तुरुंगाच्या दारापर्यंत नेते.

तरीही त्या दूरच्या टेबलांवर महाराष्ट्राची एक खूण अधूनमधून येऊन पडते. पुण्याजवळ खडकीला ब्रिटिशांनी १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभारला. खडकीचे इंग्रजी रूप किर्की, म्हणून तिथे बनलेल्या ३०३ च्या पुंगळीच्या बुडावर के आणि एफ ही रोमन अक्षरे ठोकलेली असतात. शिल्लक युद्धसामग्रीच्या विक्रीतून ही काडतुसे परदेशी नेमबाजांपर्यंत पोहोचली. अशी एखादी झडलेली पुंगळी हाती आली की जाणकार हौशी माणूस ती दिव्यासमोर धरतो आणि तोंडातून आत पाहतो. तळाशी उजेडाचे दोन बारीक ठिपके दिसतात, आणि तो ती बाजूला ठेवतो.